बाजाराची तार घरापर्यंत

रावपुऱ्यातील एका वाचकांचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. पत्र नेटके, अक्षर वळणदार आणि प्रश्न एकच. "आपण टेलिफोन खात्यात इतकी वर्षे काढली आहेत, तेव्हा शेअरबाजाराचे व्यवहार घरी बसून करावयाचे झाल्यास इंटरनेट कोणत्या कंपनीचे घ्यावे व किती वेगाचे घ्यावे, हे आपल्या सदरातून सांगावे." अशीच विचारणा मांजलपूरच्या एका भगिनींनीही दूरध्वनीवरून केली होती. कंपनीचे नाव सांगण्याची या सदराची रीत नाही. आणि सांगितले तरी त्याचा उपयोग नाही, कारण जी कंपनी दांडिया बाजारात चोख चालते तीच दोन मैलांवर रडत-कुढत चालते, हा अनुभव सर्वांचाच आहे. परंतु प्रश्न टाळण्याजोगा नाही. गेल्या वर्षी जून महिन्यात तो आमच्याच घरात उभा राहिला होता, आणि त्याची किंमत आमच्या धाकट्या बंधूंनी रोख मोजली.

बंधू कारखान्यातील नोकरीतून २०१९ साली निवृत्त झाले. हाती आलेल्या रकमेतील काही भाग बँकेत ठेवला, काही भावजयींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी निराळा काढला, आणि उरलेल्यावर सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन हा बाजाराचा संसार मांडला. आम्ही दोघे भाऊ अजून एकाच वाड्यात, ते वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. त्या दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमारास त्यांच्या जिन्यावरून उतरण्याचा आवाज असा आला, की आम्हांस वाटले कोणी पडले. ते अंगणात आले, हातातील फोन आकाशाकडे धरून उभे राहिले, पुन्हा दिंडी दरवाजाबाहेर गेले, आणि परत आले ते पांढरेफटक होऊन.

झाले होते ते असे. पावसाळ्यापूर्वी गटाराची दुरुस्ती उरकावी म्हणून गल्लीच्या तोंडाशी यंत्राने खड्डा खणणे चालू होते. त्या यंत्राच्या दातात इंटरनेटची तार आली. खणणारा मुलगा बिचारा सरळ होता. "काका, केबल तो कपाई गयो," असे त्याने स्वतःच सांगितले. बंधूंच्या फोनातील सिमही त्याच कंपनीचे, आणि मनोऱ्याकडे जाणारी तारही त्याच चरातून गेलेली. त्यामुळे फोनवरचे इंटरनेटही त्याच क्षणी बंद. शेजाऱ्यांचे वायफाय मागावे तर त्यांचेही त्याच खड्ड्यात गेलेले. इकडे बंधूंनी सकाळी निफ्टीचे ऑप्शन विकून ठेवले होते व शेवटच्या तासात बाजार उलट दिशेने धावत होता. दलालाच्या संगणकाने तीन वाजून वीस मिनिटांनी तो व्यवहार आपणच मिटवून टाकला, वर त्याचा दंडही लावला. एकंदर ३८,४०० रुपये गेले.

आम्ही विचारले, "स्टॉप-लॉस लावला नव्हता?"

बंधू म्हणाले, "लावला होता, दादा. मनात लावला होता."

दुसऱ्या दिवशी तार जोडली गेली व त्यांनी आम्हांस सल्ला विचारला. तो सल्ला विचारण्याची रीतही अशी, की निर्णय आधीच झालेला. पन्नास एमबीपीएसच्या जागी पाचशेची योजना घ्यावयाची, महिन्याला हजारभर रुपये जास्त गेले तरी हरकत नाही. आम्ही त्यांना बसवून घेतले व जे सांगितले तेच येथे वाचकांपुढे ठेवतो.

वेगाची हाव या व्यवसायाला जन्मापासूनच आहे. मुंबईत दलालांची संघटना १८७५ साली उभी राहिली, त्याच्याही आधीपासून परगावचा भाव शेजाऱ्यापूर्वी ज्याला कळेल तो शहाणा, अशीच समजूत होती. आमच्या नोकरीच्या काळात या शहरातले व्यापारी मुंबईच्या भावासाठी लाइटनिंग कॉल मागत, त्यासाठी साध्या कॉलच्या कित्येक पट आकार भरत, आणि लाइन लागल्यावर पलीकडून "ऐकू येत नाही" एवढेच ऐकत. पुढे १९९४ साली राष्ट्रीय शेअरबाजाराने संगणकावर व उपग्रहामार्फत व्यवहार सुरू केले, १९९५ साली मुंबईच्या बाजारातील आरोळ्याही थांबल्या, आणि २००० सालापासून घरबसल्या इंटरनेटवरून व्यवहार करण्यास सेबीची अनुमती मिळाली. आपल्या शहरालाही स्वतःचा शेअरबाजार होता. तो २०१५ साली इतर प्रादेशिक बाजारांप्रमाणे मिटला. आता सारा बाजार मुंबईत, आणि त्याची तार प्रत्येकाच्या घरात.

अमेरिकेत तर या हावेने कमाल केली. शिकागो ते न्यू जर्सी अशी ८२७ मैलांची काचतंतूची तार २०१० साली शक्य तितक्या सरळ रेषेत टाकण्यात आली. डोंगर आडवे आले तेथे डोंगर पोखरले. सुमारे ३० कोटी डॉलर खर्च आला, असे प्रसिद्ध झाले आहे. मिळाले काय, तर संदेश जाऊन परत येण्याचा वेळ तेरा सहस्रांश सेकंदांवर आला, आधीच्या तारांपेक्षा तीनेक सहस्रांशांची बचत. आणि थोड्याच वर्षांत मनोऱ्यांवरून हवेतून संदेश पाठविणाऱ्यांनी त्या तारेलाही मागे टाकले, कारण काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो व हवेत जवळजवळ तीन लाख. आपल्याकडेही मोठ्या संस्थांचे संगणक बाजाराच्या आवारातच, त्याच्या यंत्रांना खेटून ठेवण्याची सोय २०१० च्या सुमारास झाली.

त्या शर्यतीत दांडिया बाजारातल्या वाड्याने उतरावयाचे नाही, हे पहिले. मुंबई येथून सुमारे ४०० किलोमीटर. प्रकाशाला जाऊन येण्यास चार सहस्रांश सेकंद पुरेत. तारेची वळणे व मधल्या यंत्रांचे थांबे धरून दहा-पंधरा म्हणा. भाव दिसल्यापासून बोट कळीवर पडेपर्यंत माणसाला या सर्वांच्या कितीतरी पट, निदान सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. आणि आमच्या बंधूंना, चष्मा सावरण्याचा वेळ धरून, त्याहून बराच जास्त. पाचशे एमबीपीएस म्हणजे नळाची रुंदी. पाणी टाकीपासून घरी यावयास लागणारा वेळ रुंदीने कमी होत नाही. वीस-तीस शेअरांचे भाव पडद्यावर हलत ठेवण्यास एक एमबीपीएसही लागत नाही, आणि एक ऑर्डर म्हणजे जुन्या हिशेबाने एक लांबलचक तार, बस्स. पन्नासची योजना या कामास पुरून उरते.

मग अडते कोठे? अडते ते बहुधा घरातल्या घरात. आम्ही बंधूंच्या संगणकावर 'पिंग' ही साधी आज्ञा देऊन संदेश जाऊन येण्याचा वेळ मोजला. सकाळी तो बारा ते पंधरा सहस्रांश होता. त्यानंतर नातवाला त्याच्या मामाच्या लग्नाची चित्रफीत कोणाला तरी पाठवावयास सांगितली. तोच आकडा चारशेच्या वर गेला, मधूनच उत्तर येईनासे झाले. तार तीच, वेग तोच. परंतु राउटरच्या दाराशी रांग लागली, व लग्नातल्या पंगतीमागे बंधूंची ऑर्डर उभी राहिली. पुष्कळ राउटरांत एखाद्या यंत्राला अग्रक्रम देण्याची सोय असते. ती कोणी वापरीत नाही. दुसरे, राउटर माजघरात आणि संगणक माडीवर, मध्ये दोन हात जाडीची भिंत. वायफायच्या लहरींनी त्या भिंतीपुढे हात टेकले होते. वीस मीटरची साधी नेटवर्कची वायर काही शे रुपयांत आली, जिन्याच्या कठड्याने वर नेली, आणि रोजच्या बारीकसारीक तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक त्या एका वायरीने मिटल्या. महागडी योजना घेण्यापूर्वी ज्याने त्याने ही वायर ओढून पाहावी. घरातील मंडळी वायर दिसते म्हणून कुरकुर करतील. ती सोसावी.

विजेचे प्रकरण त्याहून फसवे आहे. घरात इन्व्हर्टर आहे, मग चिंता कसली, असे बंधू म्हणत. पण वीज जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंत जो क्षणभर खंड पडतो, तेवढ्याने राउटर पुन्हा पहिल्यापासून उठतो व त्यास दोन-तीन मिनिटे लागतात. पंखा त्या खंडात फिरतच राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. राउटर व त्याच्या शेजारची प्रकाशतंतूची डबी यांना मिळून एका छोट्या दिव्याएवढीच वीज लागते. त्यांच्यासाठी हजार-दोन हजारांत छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास सहज ओढतो. परंतु घरचा दिवा तेवत ठेवून भागत नाही, गल्लीतला कोठे आहे तेही पाहावे लागते. मोठ्या कंपन्यांची प्रकाशतंतूची तार बहुधा केंद्रापासून घरापर्यंत मध्ये विजेशिवाय येते. फाटे फुटतात तेथे नुसती काच असते. याउलट गल्लीतला केबलवाला पुष्कळदा कोणाच्या तरी जिन्याखाली एक पेटी ठेवतो व तिला त्याच घरातून वीज घेतो. त्या घरची वीज गेली, की तुमच्या यूपीएसचा हिरवा दिवा नुसता शोभेचा. जोडणी घेताना इतर काही न विचारता हे एवढे विचारावे : "तुझी पेटी कोठे आहे, आणि तिला बॅटरी आहे काय?" उत्तर देताना तो इकडेतिकडे पाहू लागला, तर काय समजावयाचे ते समजावे.

आता मुख्य मुद्दा, तो वाटेचा. एक तार भरवशाची नाही, तेव्हा दोन घ्याव्यात, हे सर्वांनाच सुचते. बंधूंकडेही दोन होत्याच की, एक घरची व एक खिशातली. त्या दोन दिसत होत्या, वस्तुतः ती एकच होती. खात्यात असताना आमच्या वरिष्ठांचा एक प्रश्न ठरलेला असे. पर्यायी मार्ग दाखविला, की ते विचारीत, "पूल किती?" दोन्ही मार्ग नदी ओलांडताना एकाच पुलावरून जात असतील तर त्यांच्या लेखी पर्याय नव्हताच.

हा खड्डा फक्त आमच्या गल्लीत आहे असे नव्हे. दिनांक २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअरबाजाराचे व्यवहार बंद करावे लागले, व ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचार वाजता. त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालविण्यात आला. बाजाराने पुढे कारण सांगितले ते वाचून आम्हांस खात्यातील दिवस आठवले. दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा घेतलेल्या होत्या, आणि दोन्ही डळमळल्या. त्याचे कारण मुख्यतः रस्त्याकडेचे खोदकाम व बांधकाम. त्यातच बाजाराच्या स्वतःच्या साठवण-यंत्रणेनेही हवी तशी साथ दिली नाही. देशातील सर्वांत मोठ्या बाजाराची ही कथा, तेथे आपली काय?

म्हणून दुसरी वाट निवडताना कंपनीचे नाव निराळे एवढ्यावर समाधान मानू नये, वाट निराळी आहे काय ते पाहावे. घराबाहेर पडून स्वतः तार पाहत जावे. खांबावरून येते की जमिनीखालून, कोणत्या तोंडाने गल्लीत शिरते, हे तासाभरात समजते. घरची तार एका कंपनीची असेल तर फोनातील सिम दुसऱ्या कंपनीचे ठेवावे, आणि त्या कंपनीचा मनोरा शक्यतो दुसऱ्या दिशेस असावा. अलीकडे गच्चीवर छोटी पेटी बसवून हवेतून इंटरनेट देण्याची सोयही शहरांत झाली आहे; मुख्य वाट म्हणून आम्ही ती सुचविणार नाही, दुसरी वाट म्हणून ती चांगली. तरीही २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री घराघरांत शिरली, कित्येक भागांत वीज नव्हती, तेव्हा तिसरी वाट असती तरी काय उपयोग झाला असता? अशा दिवशी बाजारात आपले काही अडकलेले नसणे हीच सोय.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. "नव्व्याण्णव टक्के चालू" असे कोणी सांगितले, की कानाला गोड लागते. बाजार दिवसाला सव्वासहा तास व वर्षाला सुमारे अडीचशे दिवस उघडा असतो, म्हणजे साधारण १,५६० तास. त्यातील एक टक्का म्हणजे पंधरा-सोळा तास. ते पंधरा तास कोणते, हे तुम्ही ठरवावयाचे नाही. कार्यालयांसाठी याहून पक्क्या हमीची निराळी लाइन मिळते, तिचा आकार घरगुती योजनेच्या अनेक पट असतो. आणि हमी मोडली तर भाड्यात सूट मिळते, बाजारात गेलेले पैसे मिळत नाहीत.

तेव्हा तार तुटणारच आहे असे धरून चालावे, आणि तुटली तर आपला व्यवहार कोणाच्या स्वाधीन राहतो ते आधीच ठरवावे. स्टॉप-लॉसची ऑर्डर रीतसर टाकली, की ती बाजाराच्या संगणकात जाऊन बसते. मग तुमची तार तुटो, वीज जावो, तुम्ही झोपी जावे, ती आपले काम करावयास जागी असते. बाजाराने एकदम उडी मारली तर ठरविलेला भाव मिळेलच असे नाही, तरी मनातल्या स्टॉप-लॉसपेक्षा ती शतपट बरी. मात्र आपल्याच संगणकावरील एखाद्या प्रणालीने भाव पाहून ऑर्डर पाठवावयाची, अशी व्यवस्था असेल तर तार तुटताच तीही मुकी होते. दुसरे, दलालाकडे दूरध्वनीवरून ऑर्डर देण्याची सोय बहुधा असते. तो क्रमांक व आपला ग्राहक क्रमांक कागदावर लिहून भिंतीवर लावावा. संगणकात लिहून ठेवू नये, हे सांगावे लागते, कारण बंधूंनी तेथेच लिहिला होता. साधा आवाजी कॉल कित्येकदा इंटरनेट बंद असतानाही लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून शेअरबाजारांनी मिळून आणखी एक सोय केली आहे. तीतून उघडे व्यवहार मिटविता येतात व थांबलेल्या ऑर्डरी रद्द करता येतात. परंतु ती दलालाची यंत्रणा कोसळली तर उपयोगी पडावयाची. घरची तार तुटल्यास तिचा आधार नाही, हा घोटाळा पुष्कळांच्या मनात आहे.

हे सर्व बंधूंनी ऐकले आणि, आश्चर्य म्हणजे, केलेही. वायर, यूपीएस, दुसऱ्या कंपनीचे सिम, भिंतीवर कागद. सारे मिळून साडेतीन हजारांच्या आत बसले. एवढेच नव्हे, तर आम्ही तालीम घेतली. दुपारी तीनला, कोणताही व्यवहार हाती नसताना, न सांगता राउटरची वायर उपटावयाची व बंधूंनी फोनवरून पुन्हा आत शिरून ऑर्डरीचे पान उघडावयाचे. घड्याळ भावजयींच्या हाती. पहिल्या दिवशी सव्वाचार मिनिटे लागली, कारण पुन्हा लॉगिन मागितले गेले व सांकेतिक आकडा ज्या फोनवर येतो तो फोन देवघरात होता. आठवडाभरात एक मिनिट दहा सेकंदांवर आले. बंधू खूष झाले. म्हणाले, "आता तारेमुळे एक पैसा जावयाचा नाही."

त्यावर भावजयी आत गेल्या व एक वही घेऊन आल्या. बाजाराचा रोजचा जमाखर्च त्या दोन वर्षे लिहीत होत्या, हे आम्हांस ठाऊक नव्हते. बंधूंना ठाऊक असावे, पण त्यांनी ती कधी उघडली नसावी. त्यांनी वही आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भावोजी, एवढी बेरीज तपासून द्या. माझी चुकली असेल तर बरे होईल."

बेरीज चुकली नव्हती. दलाली व कर धरून दोन वर्षांत दोन लाख चौदा हजार रुपये गेले होते. त्यातले खड्ड्यात गेले ते ३८,४००. उरलेले पावणेदोन लाखांहून अधिक, तार उत्तम चालू असताना, एकेका दिवशी हजार, पाचशे, अडीच हजार असे गेले होते. शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या रकमेवर मार्चमध्ये हात पडला होता, तोही त्या वहीत तारखेनिशी होता. शाईत, शेरा न मारता.

बंधू एकटे नाहीत. सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की फ्युचर्स व ऑप्शनच्या व्यवहारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत तोट्यात होते, आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता. शेअरांच्या एका दिवसातल्या खरेदी-विक्रीतही दहांपैकी सातजण तोट्यात, असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या पाहणीत दिसले. या लोकांच्या घरी इंटरनेट नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. बरे, तार वरचेवर तुटत असली तर एक सोय तरी होते. तोटा कोणाच्या नावावर टाकावा हा प्रश्न पडत नाही. आमच्या वाड्यातली तार दुरुस्त झाली, आणि ती सोय गेली.

त्या संध्याकाळी कोणी काही बोलले नाही. बंधूंनी वही वर नेली. चार-पाच दिवसांनी ते खाली आले व आमच्याकडून आडव्या रेघांची एक कोरी वही मागून घेऊन गेले. आता हिशेब ते स्वतः लिहितात. ऑप्शनचा व्यवहार जुलैपासून बंद आहे. चार कंपन्यांचे शेअर पूर्ण पैसे देऊन घेतलेले आहेत, ते महिन्यातून एकदा पाहावयाचे, असे ठरले आहे. ते किती पाळले जाते, हे आम्ही विचारीत नाही. शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली. त्यासाठी बँकेतील एक ठेव मुदतीपूर्वी मोडावी लागली, पण झाली. वरची ती चांगली तार आता भावजयींच्या कामास येते. परगावच्या लेकीशी रोज रात्री अर्धा तास बोलणे होते व चित्र मध्येच गोठत नाही.

रावपुऱ्याच्या वाचकांस एक सांगणे राहिले. आपल्या पत्रात दुसऱ्या एका योजनेची पत्रिका जोडलेली आहे, तीत "ट्रेडिंगसाठी खास" असे छापले आहे. ती आम्ही तीनदा वाचली. तीत वेग, दर आणि एका चित्रपटसेवेची फुकट वर्गणी एवढेच आहे; पेटी कोठे आहे व तिला बॅटरी आहे काय, याचा उल्लेख नाही. पत्रिका परत पाठवीत आहोत.